बाबांचा बडग्या

"शालिकरामले जाळीन! मारबतीच्या दिवशी जित्ताच जाळीन!"

इतवारीतल्या पानठेल्यावर रुपराव पुन्हा गरजला आणि जमलेले पुन्हा खदखदून हसले. गोपिका मात्र घराकडं धावत सुटली. शालिकराम तिचे बाबा! गिरणीतलं सूत चोरताना त्यांनीच रुपरावला पकडलं होतं आणि त्याची नोकरी गेली होती.

"बाबा, तो खरंच जाळन तुम्हाले!"

"ज्याले खरंच जाळायचं असते, तो गावभर सांगत फिरते काय वं?"

मारबतीच्या सणाला, ज्याचा राग येतो त्याचा बडग्या करायचा, त्याच्या नावानं बोंबा मारायच्या आणि शेवटी पुतळा जाळायचा, ही नागपूरची रीतच. रुपरावनं बाबांचा बडग्या करायला घेतला, तेव्हा बाबांनी तर हौसेनं आपला जुना सदराही त्या पुतळ्याला घालायला दिला! मोठी माणसं शहाणी असतात म्हणे!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. गोपिका, तिचा भाऊ केशव आणि शेजारची सुमती रुपरावच्या बडग्यामागं चिकटून चालली होती. वाटेत बडग्या आणि हातातला डबा खाली टेकवून रुपराव नाचायला गेला.

"एका पुतळ्याले डबाभर रॉकेल?" केशवनं डबा हुंगला.

गोपिका हवालदाराकडं धावली. तो हसला, "अवं पोरी, मारबत हाय आज!"

"मग आपणच पाहू!" तिनं डबा गटारात रिकामा केला. सुमतीनं तो नळावरून भरून आणला.

तलावाकाठी बाबा आपला बडग्या जळताना पाहायला हौसेनं आले होते. रुपरावनं त्यांची मान धरली आणि अख्खा डबा त्यांच्यावर ओतला. लोकांनी टाळ्या पिटल्या! त्यानं काडी ओढून फेकली. ती चर्र करून विझली.

रुपराव पिसाळला. बडग्याच्या पोटात हात घालून त्यानं कुऱ्हाड उपसली. घाव बाबांच्या खांद्यात बसला, रक्त भळभळलं, तेव्हा कुठं हसणं थांबलं.

"ढकला!" गोपिका किंचाळली. तिघांनी बांबूचा बडग्या जोर लावून रुपराववर लोटला. रुपराव खाली आपटला. दुसरा घाव बांबूत रुतला. कुऱ्हाड सुटेपर्यंत गोपिकेनं त्याचं मनगट कडकडून चावलं. मग गडीमाणसं धावली आणि त्यांनी त्याला दाबून धरलं.

दवाखान्यात बाबांना टाके पडले. हवालदारानं तिघांची पाठ थोपटली. "शाब्बास! एवढा मोठा कट शोधला तरी कसा गा पोरांनो?"

गोपिकेच्या फ्रॉकवर बाबांचं रक्त वाळलं होतं. ती रडत रडतच ओरडली, "शोधला कुठं? तो तर रोज सांगून राहिला होता!"