पूर्ण संख्या भरा

अनंताकाकांची बस दर दसऱ्याला विठ्ठलवाडीहून नागपूरला, दीक्षाभूमीला जायची आणि दर वर्षी सीटांवरून भांडणं व्हायची. म्हणून २००४ साली काकांनी वेबसाइट काढली. म्हणजे महेंद्रने काढून दिली, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या सायबर कॅफेत बसून. भांडणं थांबली नाहीत, फक्त इंटरनेटवर गेली.

फॉर्ममध्ये 'माणसं किती' असा एक रकाना होता. पहिल्याच दिवशी लोकांनी त्यात साडेतीन, अडीच असले आकडे भरले. पोराला हाफ तिकीट, म्हणून पोरगंही अर्धंच, हा त्यांचा सरळ हिशेब. पण काकांच्या बसला अर्धी सीट नव्हती. मग महेंद्रने चौदा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. आकड्यांखेरीज काहीही आलं, अगदी एक टिंब जरी, की स्क्रीनवर पाटी उघडायची: 'कृपया पूर्ण संख्या भरा.'

शेवटच्या दिवशी दुपारी त्याने स्वतःच्या घरचा फॉर्म उघडला. त्याचे बाबा, शिवराम, मार्चमध्ये अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाले होते. तीस वर्षं ते 'पुढच्या वर्षी जाऊ' म्हणत आले. आता गुडघे म्हणत होते, हेच वर्ष. बुकिंग पाचला बंद होणार होतं. बाबा, आई, भावनाताई आणि तो स्वतः. त्याने ४ टाकला.

'कृपया पूर्ण संख्या भरा.'

पुन्हा ४. पुन्हा पाटी. ३ टाकला तर मुकाट पुढचं पान आलं. शेजारच्या बबनच्या नावाने ४ टाकून पाहिला, चालला. बाबांच्या नावाने ४: पूर्ण संख्या भरा.

वास्तविक स्क्रिप्ट नाव बघतच नव्हती. नाव वाचायला त्याने तिला शिकवलंच नव्हतं.

त्याने कॅफे सांभाळणाऱ्या नीलिमाकडे संशयाने पाहिलं.

"नीले, माझ्या कोडला हात लावलास?"

"मी तुझ्या उष्ट्या कपाला हात लावत नाही, कोडला कुठे लावू?"

"चार घेत नाहीये."

"मग तीन टाक. तू राहा घरी. सगळ्यांची ट्रिप मस्त होईल."

त्याने मशीन बदललं. तेच. चौदा ओळींचा प्रिंट काढून पेन्सिलीने एकेक ओळ तपासली. त्याला कॉलेजात इतकं निर्दोष काही लिहिता आलं नव्हतं. पावणेपाचला त्याने चिडून ५ टाकला.

'धन्यवाद. आपलं कुटुंब नोंदवलं आहे.'

हे वाक्य त्यानेच लिहिलं होतं. तरी दोनदा वाचलं.

मग त्याने खरवईला घरी फोन लावला.

"आई, आपण किती जण आहोत?"

"पाच," आई म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. "चार रे. चारच. असलं काय विचारतोस ऐन स्वयंपाकात?"

फोन कट.

त्या आठवड्यात महेंद्रने घरातल्या चपला मोजल्या. आठ. टूथब्रश मोजले. चार. बीएस्सी झालेल्या माणसाने टूथब्रश मोजावेत याची त्याला लाज वाटली. ताटंही चारच मांडली जात. पण वाढताना आई पाचव्यांदा वाकायची, क्षणभर तशीच थांबायची आणि मग कंबर धरून "अगं आई गं" म्हणायची. बाबा ताटातून मान वर काढायचे नाहीत.

"आमच्याकडे बघून काय पुटपुटतोस सारखा?" ताईने विचारलं.

"काही नाही."

बसच्या दारात अनंताकाका यादी घेऊन उभे होते. "जय भीम, शिवरामभाऊ! तुमचे पाच." त्यांनी हवेत बोट नाचवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. बोट कुठे अडखळलं नाही. "चला, चढा."

महेंद्रने बोलायला तोंड उघडलं. पण बाबांचा एक पाय पायरीवर होता. नवा पांढरा सदरा. चेहऱ्यावर असं हसू, की घरात कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं.

त्याने तोंड मिटलं.

एका बाजूला दोघांचं बाक, दुसऱ्या बाजूला तिघांचं. बाबा आणि ताई दोघांच्या बाकावर. आई आणि तो तिघांच्या. आई खिडकीशी बसली नाही. मधे बसली, अंग चोरून.

बस सुटली.

मागच्या बाकावरच्या गोजरबाई मोठी पिशवी घेऊन जागा शोधत पुढे आल्या. महेंद्रला बरं वाटलं. एकदा पिशवी ठेवली की सीट ही नुसती सीट.

"खिडकीशी ठेवा ना, मावशी. रिकामीच आहे."

आईने मान फिरवली नाही.

गोजरबाईंनी खिडकीकडे पाहिलं. अर्धी उचललेली पिशवी हळूच पुन्हा पोटाशी धरली.

"असं बोलू नये रे," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "ऐकतंय ना ते."