तैंग्वाची रायफल वाटली तो दिवस

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

रात्रीची गोष्ट असती तर मीच म्हणालो असतो, अंधारात भास झाला असेल. पण ही भर दुपारची गोष्ट आहे. ऑगस्टमधला शनिवार. झांबेझीच्या खोऱ्यात, दांडे भागात, आंग्वा नदीच्या काठावरचं आमचं गाव. डोक्यावर ऊन, अंगणात चाळीसेक माणसं. त्यातली बहुतेक अजून जिवंत आहेत.

माझं नाव मुचेमवा. शिकारीच्या कॅम्पवर बंदुकांची कोठी मी सांभाळतो. साफ करणं, तेल देणं, कुलूप लावणं. वीस वर्षं हेच करतोय.

तैंग्वा आमचा शिकारी होता. परदेशातून पाहुणे यायचे, त्यांना तो रानरेड्यामागे, हत्तीमागे न्यायचा. पहिली गोळी पाहुण्याची. ती चुकली, जनावर उलटलं, की मध्ये उभा राहायचा तैंग्वा. त्याच्या हातातली रायफल त्या क्षणी वाजली पाहिजे. बस, एवढंच त्याचं काम. आणि एवढंच माझं.

मी त्याचा मित्र होतो, पण नुसता मित्र नाही. मी त्या घराचा साहविरा. आमच्यात प्रत्येक घराला असा एक माणूस असतो. रक्ताचा नसतो, पण रक्ताच्या माणसांची जे बोलायची छाती होत नाही ते तो बोलतो. घरात मयत झालं की खड्डा तोच खणतो. आणि मेलेल्याचे कपडे घालून, त्याच्यासारखं चालून, त्याच्यासारखं बोलून तोच सगळ्यांना हसवतो. रडणाऱ्या बायकोलासुद्धा.

तैंग्वाची नक्कल सोपी होती. त्याला खोडीच तेवढ्या.

डावखुरा होता. उंच होता. सामानाच्या बाबतीत म्हाताऱ्या सासूपेक्षा चिकित्सक. नवे बूट सहा महिने गावात घालून मऊ केल्याशिवाय रानात न्यायचा नाही. कमरेच्या पट्ट्याला दहा काडतुसांची दहा घरं, ती वाजू नयेत म्हणून आतून मेणाचा हात. जे वाजतं, चमकतं, ते घरी. दुर्बीण एकच, पण ऊन-पाऊस खाल्लेली. पाहुण्यांनी आणलेल्या झगमगीत रायफली बघून तो मान हलवायचा. दुकानात कुठलीही वाजते, म्हणायचा. धुळीने भरली, उन्हात तापली, हात थरथरत असले तरी जी रिकामं टरफल खेचून बाहेर टाकते आणि दुसरं काडतूस आत घेते, ती आपली.

आणि निघण्याआधी दहाच्या दहा काडतुसं एकेक करून रायफलीत घालून, बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, ओढून, बाहेर काढून पाहायचा. अडलं तर ते बाजूला. हे करताना गुणगुणायचा,

बूट जुने घालावे, टोपी जुनी घालावी,
गोळी मात्र आजची, आज पारखून घ्यावी.

असा माणूस मे महिन्यात मेला.

पाहुण्याने रानरेडा जखमी केला होता. दाट झाडीत शिरलेल्या जखमी रेड्यामागे जाणं हे शिकाऱ्याला चुकत नाही. पाहुण्याला मागे ठेवून तैंग्वा गेला. माग काढणारा म्हातारा त्याच्या चार पावलं पुढे होता. रेडा कडेने आला. म्हातारा झाडावर चढला, म्हणून वाचला.

त्याने वरून दोनच आवाज ऐकले.

खट...

मग बोल्ट ओढल्याचा आवाज. आणि पुन्हा...

खट.

रायफल वाजली नाही.

पोलिसांनी कागदावर लिहिलं, काडतुसं खराब. तैंग्वाचा धाकटा भाऊ फुंगाई, तोही आता परवान्याचा शिकारी, त्याने खड्ड्यावर सगळ्यांसमोर डोळे पुसत सांगितलं, की दादा थकला होता, या वेळी पारखलीच नसतील. ते गावभर झालं. जन्मभर जो पारखत आला, तो न पारखल्यामुळे मेला. सेकेसाई, त्याची बायको, ते ऐकून खाली बघायची.

मला दुसरं काही नको होतं. मित्राच्या नावाला लागलेला तो डाग तेवढा पुसायचा होता.

पुसायचा कसा, ते मात्र कळत नव्हतं.

रायफल तीन महिन्यांनी पोलिसांकडून परत आली. मी नळी साफ केली, लाकडाला तेल लावलं, घोडीवर ठेवली. बोल्ट उघडून आत बघायला हवं होतं. नाही बघितलं. कागदावर काडतुसं लिहिलं होतं, आणि माझा कागदावर विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोठीबाहेर मोपानेच्या झाडाखाली सावलीत जेवत होतो. ताटात मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा आणि वाळवलेले मासे. कुलूप लावलेलं, चावी कमरेला.

आतून आवाज आला...

खटाक. खट. खटाक.

कुणीतरी एकेक काडतूस आत घालून बाहेर काढत होतं. सावकाश. मी मोजत गेलो. दहाव्यानंतर थांबलं.

कुलूप उघडलं. आत कोणी नव्हतं.

फक्त... बोल्ट उघडा होता. मी मिटून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी तेलाची बाटली सापडेना. मी ती कायम उजवीकडे ठेवतो. ती डावीकडे होती.

मी कुणाला बोललो नाही. माणूस तीन महिन्यांपूर्वी पुरलेला, माझ्याच हातांनी. मनाला म्हटलं, आठवण आहे, दुसरं काय.

मग तो शनिवार आला. आमच्यात मेलेल्याच्या वस्तू अशा एका दिवशी चटईवर मांडून वाटतात. बूट कुणाला, टोपी कुणाला, ते साहविरा ठरवतो. रायफल फुंगाईच्या नावावर व्हायची होती. ती गावात न्यायला कॅम्पच्या साहेबाने मला रीतसर चिठ्ठी दिली.

मेलेल्याची नक्कल करताना काठी घ्यायची, हत्यार घ्यायचं नाही, असा दंडक आहे. का, ते कुणी सांगत नाही. मी म्हटलं, तैंग्वाच्या हातात काठी बघवणार नाही मला.

मी खरी रायफल घेतली. रिकामी होती. पण खरी होती.

कॅम्पपासून गाव दोन तास. त्या वाटेवर होले सतत घुमत असतात, कान किटतात. त्या दिवशी मी चालायला लागलो आणि...

एकही घुमला नाही. दोन तास.

तैंग्वाचा कुत्रा पिल्लू असल्यापासून माझ्यावर भुंकत आलाय. त्या दिवशी भुंकला नाही. जवळ आला. माझा डावा हात हुंगला आणि पायाशी बसला.

फुंगाईने रायफल बघितली आणि हसला.

"काठी घ्यायची ना, मुचेमवादादा. खरी कशाला आणलीस?"

मी म्हटलं, तुझीच तर व्हायचीय, घाबरतोस कशाला. तोही हसला. आम्ही दोघांनी एकाच ताटात जेवून दिवस काढलेत. त्याला बंदूक धरायला शिकवली ती मी.

चटईवर सामान मांडलं. मी तैंग्वाचा कोट चढवला, टोपी घातली, पट्टा बांधला. पट्ट्यात काडतुसांऐवजी दहा काटक्या खोचल्या. लांब लांब टांगा टाकत अंगणात आलो. बायका आधीच फिदीफिदी.

सेकेसाई म्हणाली, "माझा नवरा इतका ढेरपोट्या नव्हता हो."

मी म्हटलं, तुझ्या हातचा साद्झा खायला लागल्यापासून झाला. ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी चटईवर मांडी घातली, पट्ट्यातली पहिली काटकी काढली, रायफलीशी नेली, मान तिरकी करून पारखली, बाजूला ठेवली. दुसरी. तिसरी. बायका टाळ्यांवर गायला लागल्या, बूट जुने घालावे...

चौथी काटकी मी डाव्या हाताने उचलली.

हे मला आठवतं. आपण डावा हात का वापरतोय, असं मनात आलं.

पुढचं मला आठवत नाही.

पुढचं मला सेकेसाईने सांगितलं, आणि माग काढणाऱ्या म्हाताऱ्याने. दोघांचं शब्दाला शब्द जुळतं.

दहावी काटकी झाली तरी मी थांबलो नाही. टाळ्या एकेक करून विरल्या. मी बोल्ट रायफलीतून बाहेर काढला. डाव्या हातानेच. फिरवला. आतली सुई आणि तिला पुढे ढकलणारी स्प्रिंग चटईवर काढून ठेवली.

स्प्रिंग आखूड होती. मरगळलेली. तिच्या टोकाला लाल ठिपका होता.

सेकेसाई उठून उभी राहिली. तो ठिपका तिच्या नखांच्या रंगाचा होता. फेब्रुवारीत तैंग्वाने तिच्याकडून बाटली मागून घेतली होती. दोघा भावांच्या रायफली एकाच बनावटीच्या. फुंगाईच्या रायफलीची स्प्रिंग मेली होती, सुई काडतुसाला नीट ठोकतच नव्हती. नवी येईपर्यंत तू रानात पाय ठेवायचा नाहीस, असं तैंग्वाने त्याला बजावलं होतं. आणि ही मेलेली पुन्हा कुणी चुकून वापरू नये म्हणून तिला लाल खूण केली होती.

काडतुसं पारखली होती. दहाच्या दहा. स्प्रिंग काडतूस पारखून कळत नाही.

मी मान वर केली म्हणे. माझे ओठ हलले. आवाज माझा नव्हता.

"फुंगाई... माझी स्प्रिंग कशी चालते?"



फुंगाई माझ्या तोंडाकडे बघत गुडघ्यावर बसला. मला तो मुचेमवादादा म्हणतो. त्या वेळी नुसतं दादा म्हणाला.

"मी परत बसवणार होतो, दादा. माझी पहिलीच शिकार होती. नवी पुढच्या वर्षी येईल म्हणालास. माझी ती जुनी तुझ्या रायफलीत एक हंगाम निभावून नेईल असं वाटलं मला."

म्हणजे तो खड्ड्यावर डोळे पुसत उभा होता तेव्हा त्याला ठाऊक होतं. माझ्यासमोर जेवत होता तेव्हा ठाऊक होतं.

आणि आता माझं.

एप्रिलमध्ये एका दुपारी फुंगाई कोठीवर आला होता. दादाने रायफल नेमावर लावून बघायला सांगितलीय, म्हणाला. मी जेवायला निघालो होतो. कोठीची चावी कमरेवरून काढायची नाही, हा नियम मीच घातलेला. त्या दिवशी काढली. फुंगाईच तर होता. साद्झा खाऊन परत येईपर्यंत त्याने चावी जागेवर आणून ठेवली होती, पाण्याचा तांब्यासुद्धा भरून ठेवला होता.

मी तैंग्वाला ते कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असं मला वाटलंच नाही.

पण पहिलं खट झालं तेव्हा त्याला कळलं असणार. असा माणूस आवाजावरून ओळखतो, काडतूस मेलंय की स्प्रिंग. त्याच्या रायफलीला हात लावू शकणारा माणूस जगात एकच होता. दुसऱ्या खटच्या आधी जेवढा वेळ मिळाला, तेवढ्यात त्याच्या मनात कुणाचं नाव आलं असेल?

सेकेसाई सांगते, फुंगाई रडत होता, पण माझ्या अंगातला तो त्याच्याकडे बघतच नव्हता. त्याने आपला डावा हात उचलला आणि माझ्याच छातीवर ठेवला.

"चावी कोणाकडे होती?"

मला विचारलं. माझ्याच तोंडाने.

आणि मग... माझ्याच आवाजात, माझ्या नेहमीच्या आवाजात, मी उत्तर दिलं.

शुद्धीवर आलो तेव्हा टोपी मातीत पडली होती. सगळे माझ्याकडे बघत होते, फुंगाईकडे कुणीच नाही.

वडीलधाऱ्यांनी फुंगाईला त्याच दिवशी भावाच्या थडग्यावर नेलं. तिथं काय झालं ते त्या घराचं. महिन्याभरात तो सीमेपलीकडे, मोझांबिकला गेला. तैंग्वा न पारखता मेला असं आता कुणी म्हणत नाही. डाग गेला. मला हवं होतं ते झालं.

मी म्हाताऱ्याला विचारलं, मी काय उत्तर दिलं? त्याने तपकीर ओढली आणि पावसाबद्दल बोलायला लागला. त्याच्या सुनेला विचारलं. ती घागर घेऊन उठली. चाळीस माणसांना एकेक करून विचारलं.

शेवटी सेकेसाईला विचारलं. ती शेंगा सोलत होती. हात थांबवले नाहीत.

"जे दिलंस ते त्याने ऐकलं."

"पण काय दिलं, वहिनी?"

"तुझा आवाज होता, मुचेमवा. तुला ठाऊक असायला हवं."

खरं म्हणजे एवढंच, की चावी माझ्याकडे होती आणि मी ती फुंगाईच्या हातात दिली. मी हेच बोललो असेन. दुसरं काय बोलणार? पण हेच बोललो असेन, तर ते मला सांगायला चाळीस माणसांतलं एकही तोंड का उघडू नये?

गावात त्यानंतर तीन मयती झाल्या. तिन्ही वेळा खड्डा खणायला मलाच बोलावलं. नक्कल करायला दुसऱ्या गावचा माणूस आणला.