नरसम्माचा ओळखांक

पडद्यावर दोन आकडे उमटले. सहासष्ट आणि अडुसष्ट.

डॉ. सुनंदा खरोटे यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फरक दोनचा. म्हणजे ओळखांक दोन."

"पुन्हा एकदा चालवून बघू या," शैलजा येमूल म्हणाली.

"तीनदा चालवलंय, शैलजा."

इक्बाल बागवान खिडकीजवळ उभा होता. 

शैलजा आणि इक्बाल मिळून चित्रकथा-खेळ बनवत. ती लिहायची, तो चित्रं काढायचा. पडद्यावर पात्रं येतात, बोलतात, आणि पुढे काय बोलायचं ते खेळणारा निवडतो. त्यांच्या मागच्या खेळात मेळघाटातली एक मुलगी होती. ती झाडांशी बोलायची आणि तिला पावसाचा वास दोन दिवस आधी यायचा. तिकडच्या एका शाळेतल्या मुलींनी तो खेळला आणि पत्र पाठवलं : 'ही आम्ही नाही. आम्ही झाडांशी बोलत नाही. आम्ही क्रिकेट बघतो आणि गणिताच्या बाईंच्या नकला करतो.' इक्बालने ते पत्र भिंतीवर लावलं. दोघांनी जाहीर केलं, की पुढच्या खेळातलं प्रत्येक पात्र पुण्यातल्या भाषागणित प्रयोगशाळेत तपासून घेऊ, आणि ज्याचा ओळखांक पंचवीसच्या खाली असेल ते पात्र खेळात राहणार नाही.

नवा खेळ सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकर आणि बिडी कामगारांच्या वस्तीतला होता. चौदा पात्रं तपासून पार झाली होती. पंधरावी नरसम्मा, शैलजाची आई. आयुष्यभर बिडी वळली, आणि चार महिन्यांपूर्वी गेली.

"ही मोजणी कशी होते ते मला पुन्हा सांगा," शैलजा म्हणाली. तिचा आवाज शांत होता.

"यंत्रात दोन अंदाजी आहेत," डॉ. खरोटे म्हणाल्या. "पहिल्याला आपण पाटीवाचक म्हणतो. त्याला फक्त पाटी दिसते : बाई, वय सत्तर, पद्मशाली, सोलापूर, बिडी कामगार. दुसरा परिचित. त्याला पाटी दिसते, शिवाय त्या पात्राचं आधीचं सगळं बोलणं त्यानं ऐकलेलं असतं. मग प्रत्येक प्रसंगी दोघांना विचारायचं, आता ही काय बोलेल? शंभरातले किती अंदाज बरोबर येतात, ते हे आकडे."

"आणि दोघांचे सारखेच आले तर?"

"तर तिच्या सहवासात राहून परिचिताला नवीन काहीच कळलं नाही. जे होतं ते पाटीवरच होतं. यालाच आपण साचा म्हणतो. पात्र तऱ्हेवाईक केलं तरी उपयोग नाही. मग दोघंही सारखेच चुकतात. माणूस म्हणजे ज्याचा अंदाज परक्याला येत नाही आणि ओळखीच्याला येतो, तो."

इक्बाल वळला. "मग उलटं करू. नरसम्मा देवळात जात नाही, मटण खात नाही, बुलेटवर फिरते."

"माझी आई बुलेटवर?"

"अगं, हेल्मेट घालून."

शैलजाला नको होतं, पण तिने तासाभरात तसे चाळीस प्रसंग फिरवले. आकडे आले : अठ्ठावन्न आणि साठ.

"पाटीवाचकानं वीस वर्षांतले सगळे खेळ वाचलेत," डॉ. खरोटे म्हणाल्या. "कष्टकरी म्हातारी दिसली की लेखक तिला बुलेटवर बसवतात, हे त्याला पाठ आहे. साचा उलटा धरला तरी कडा त्याच राहतात."

"राहिला एकच मार्ग," शैलजा म्हणाली. "तिचं खरं बोलणंच घालू."

तिच्या फोनमध्ये आईचे चारशे बारा बोलके निरोप होते. सहा वर्षं शैलजा पुण्यात आणि आई सोलापुरात. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती बोलून पाठवायची, अर्धं तेलुगू आणि अर्धं मराठी. शैलजाने चार महिन्यांत त्यातला एकही उघडला नव्हता. आताही तिने ते ऐकले नाहीत. सगळेच्या सगळे यंत्राला दिले, सोबत आपले त्या त्या दिवशीचे निरोपही दिले, आणि ती बाहेर जाऊन बसली.

परत आली तेव्हा पडद्यावर एकसष्ट आणि त्रेसष्ट होते.

"हे तर तिचे स्वतःचे शब्द आहेत," ती म्हणाली. "एक अक्षर मी लिहिलेलं नाही. मग माझी आईच साचा होती का?"

डॉ. खरोटे म्हणाल्या, "माणूस समोर कोण आहे ते बघून बोलतो. तुझ्याशी ती आई म्हणून बोलली. ती पाटी तिनं स्वतःच घातली असेल."

"तिन्नावा," शैलजा म्हणाली.

"म्हणजे?"

"तेलुगूत 'जेवलीस का'. मी काहीही सांगितलं तरी तिचं उत्तर हेच. मी इंजिनिअरची नोकरी सोडल्याचं सांगितलं, तिन्नावा? लग्न मोडल्याचं सांगितलं, तिन्नावा? मला नेहमी वाटायचं, ती ऐकतच नाही." "आता तुमच्या यंत्रालाही तेच वाटतंय."

इक्बाल तिच्या शेजारी येऊन बसला. "शैला, खेळ महिन्यावर आलाय. चौदा पात्रांवर तो उभा राहील. आपण अम्मांना काढू या का?"

"सोलापूरला आईच्या मैत्रिणीकडे, राजम्मा मावशीकडे जाऊन येते," ती म्हणाली. "मग काढू."

सोलापुरात आता दुपारी बाराला उन्हाचा भोंगा होतो. त्यानंतर चारपर्यंत रस्त्यावर कुणी थांबत नाही. गल्लीगल्लीत महापालिकेने थंडघरं बांधली आहेत, जाड भिंतींची, जमिनीखालून वारा घेणारी. पूर्व भागातल्या एका थंडघराच्या कोपऱ्यात चार बायका मांडीवर सूप घेऊन बिडी वळत बसल्या होत्या. शहरात हे काम करणारी आता तेवढीच माणसं उरली होती. पाचवी जागा रिकामी होती. तिथे कुणी बसलं नव्हतं.

राजम्मा गुंडेटीने हात न थांबवता वर पाहिलं. "आलीस? वाळलीस की गं. पुण्यात काय उपाशी ठेवायलेत?"

शैलजाने येण्याचं कारण सांगितलं. चौघींनी ते नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीन म्हणतंय, नरसू साधी होती?" राजम्माने विचारलं.

"तसंच काहीसं, मावशी."

चौघी एकदम हसल्या. एकीच्या मांडीवरची तंबाखू सांडली.

"अगं, तुझी आई म्हणजे या गल्लीची चेकर!" राजम्मा म्हणाली. "कारखान्यात चेकर असतो, ठाऊक आहे ना? आपण बिड्यांच्या जुड्या द्यायच्या, तो बघणार, वाईट असली की 'छाट' म्हणून फेकणार. तुझी आई सगळ्या दुनियेला छाट करायची. नगरसेवकाचं भाषण, छाट. माझ्या जावयाची मोठी गाडी, छाट. दवाखान्यातला तो टाय घातलेला डॉक्टर, तो निघून जायच्या आत छाट!"

"माझ्या मुलाच्या लग्नात," दुसरी म्हणाली, "स्टेजवर चढली आणि नवरीच्या कानात सांगून आली, नवरा पास, हार छाट."

"खोटं नको सांगू," राजम्मा म्हणाली. "पास म्हणाली नसेल. नरसूनं पास कधी कुणाला म्हटलंय? चेकर पास म्हणतो का? छाट असली तर तोंड उघडतो. चांगली जुडी गपचूप पुढं सारतो आणि पुढचं काम विचारतो. तुझी आई तसलीच. तिला पटलं की गप्प, आणि लगेच दुसरंच काहीतरी विचारणार."

"मला तिनं छाट कधीच म्हटलं नाही," शैलजा म्हणाली.

"कामाचा शब्द तुझ्यापुढं काढायचा नाही म्हणायची. लेकरू शिकतंय, त्याच्या कानावर तंबाखू नको." राजम्माने कमरेचा फोन काढला. "आमच्या पाचजणींचा ग्रुप आहे. सगळं पडलंय त्यात. ने. फक्त तुझ्या त्या मित्रासमोर लावू नको, त्याच्याबद्दल पण आहे."

त्या ग्रुपवर नरसम्माचे अकराशे निरोप निघाले.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ते फक्त परिचिताला ऐकवण्यात आले. मग डॉ. खरोटे यांनी पुन्हा तेच चारशे बारा निरोप पुढे ठेवले, जे नरसम्माने मुलीला पाठवले होते. त्यात एकही शब्द बदलला नव्हता.

पाटीवाचक एकसष्टवरच राहिला. परिचित चौऱ्याण्णववर गेला.

"तेहेतीस," इक्बाल म्हणाला, आणि मग मोठ्याने, "तेहेतीस!"

"थांब, मला हे समजून घेऊ दे," डॉ. खरोटे पडद्यावर वाकल्या. "शब्द तेच आहेत. ही बाई जेवणाचं विचारणार हे पाटीवाचकाला आधीही ठाऊक होतं. पण कधी विचारणार, हे त्याला सांगता येत नाही. तो म्हणतो, वाईट बातमी आली की आई काळजीनं विचारेल. परिचित नेमकं उलटं सांगतोय, आणि त्याचं बरोबर येतंय. ग्रुपमध्ये बघ. राजम्माची नात सासर सोडून परत आली, नरसम्मा म्हणते, 'तिन्नावा?' कुणाच्या तरी सुनेनं रिक्षा चालवायला घेतली, 'तिन्नावा?' आणि ज्या गोष्टी तिला आवडल्या नाहीत, तिथे जेवणाचं नावही नाही."

शैलजा उभीच होती. "तो पास आहे," ती म्हणाली. "चेकर चांगली जुडी पुढे सारतो आणि दुसरं काही विचारतो. मॅडम, माझ्या नोकरीचा निरोप काढा."

"तिन्नावा."

"लग्न मोडल्याचा?"

"तिन्नावा. बारा सेकंद गप्प, मग तिन्नावा."

"पहिल्या खेळाचा? तो मी तिला मोठ्या अभिमानाने पाठवला होता."

डॉ. खरोटे यांनी शोधलं. "त्या दिवशी उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीबद्दल चार मिनिटं बोलल्या आहेत."

इक्बालला हसू आवरेना. "छाट! अम्मांनी आपला खेळ छाट केला होता!"

शैलजाही हसली. मग तिने खुर्ची ओढली, कानाला यंत्र लावलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा आईचा आवाज ऐकला. तिने पन्नासेक निरोप ओळीने ऐकले.  डॉ. खरोटे यांनी खिडकीचा पडदा थोडा ओढला, कारण ऊन तिच्या तोंडावर येत होतं.

संध्याकाळी ती म्हणाली, "आईचं वाक्य एकही बदलायचं नाही. क्रम बदलायचा. आत्तापर्यंत खेळ सुरू होतो तो मुलीच्या फोनवर. तिथे खेळणाऱ्याला फक्त पाटी दिसते. त्याला आधी थंडघरात बसवू, त्या चौघींमध्ये. त्याच्या हातात सूप देऊ. नरसम्माला त्याच्या दहा बिड्या छाट करू दे. फोन त्यानंतर वाजेल."

"म्हणजे साचा वाक्यात नव्हताच," इक्बाल म्हणाला.

"आपण तिची ओळख करून न देताच तिला बोलायला लावलं. मेळघाटच्या त्या मुलीचंही तेच. आपण तिच्या मैत्रिणींना कधी विचारलंच नाही."

डॉ. खरोटे अजून पडद्यासमोरच होत्या. त्यांनी घसा साफ केला. "शैलजा, एक गोष्ट आहे. या निरोपांत दोघी बोलतात. मी सवयीनं दुसरीचाही ओळखांक काढला."

"माझा?"

"खेळात मुलीचं पात्र तूच आहेस ना? तिची वाक्यं तुझ्या या निरोपांतूनच घेतली आहेस. ते यादीत तपासायचं राहून गेलं होतं." त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. सत्तर आणि एकाहत्तर.

इक्बाल वाकून मोठ्याने वाचू लागला. "'हो अम्मा, जेवले.' 'कामात आहे, नंतर बोलते.' 'तू काळजी करू नकोस.' 'औषध घेतलंस का?'" तो थांबला. "शैला, शिकून शहरात गेलेली मुलगी. पाटीवाचकाला डोळे मिटूनसुद्धा येईल."

शैलजाने आकडे पुन्हा वाचले. तिला राग आला नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. आई आईची पाटी घालून बोलत होती, आणि ती मुलीची घालून. सहा वर्षं.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. "मुलगी खेळातून बाहेर. किंवा मग तिला ओळखणारं कुणीतरी शोधावं लागेल."

"शोधायचं काय त्यात?" इक्बालने खिशातून फोन काढला. "नऊ वर्षांचे निरोप आहेत माझ्याकडे. पोस्टरवरून छापखान्यावर चिडलीस तेव्हाचे. ताप आला होता तेव्हा तू मला सूर्यमालेवर दीड तास व्याख्यान दिलं होतंस, तेसुद्धा. मॅडम, कान झाका."

"मुळीच नाही," डॉ. खरोटे म्हणाल्या आणि खुर्ची जवळ घेऊन बसल्या.

त्यांनी पाटीवाचकाला पाटी दिली : बाई, वय अडतीस, सोलापूरची, पुण्यात राहते, खेळ लिहिते, आई नुकतीच वारली. मग इक्बालने पहिला निरोप लावला. खोलीत एका तरुण बाईचा आवाज आला. ती शनीच्या एका कड्याबद्दल इतक्या तावातावाने भांडत होती, की शैलजाला क्षणभर ही कोण ते कळलंच नाही. ती पुढे सरकून ऐकू लागली.

पाटीवाचकाचा पहिला अंदाज चुकला. दुसराही चुकला.