सहावी फेक

ओलेनबाखच्या क्रीडामंडळाला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि स्मरणिकेची शेवटची पानं सोमवारी सकाळी छापखान्यात जायची होती. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी दुपारी अल्मुट हेस्टरकांप मंडळाच्या कार्यालयात मुद्रितं तपासत बसली होती. हे काम खरं तर तिच्या वडिलांचं, एवाल्ड हेस्टरकांप यांचं. मार्चमध्ये ते गेले आणि त्यांच्या खोलीतले कागदांचे सात खोके तिच्या घरी आले. अल्मुट वजनमापं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात नोकरीला होती. खाटकांचे तराजू आणि पेट्रोल पंपांची मापं तपासण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती, त्यामुळे आकडा चुकला की तिच्या लगेच लक्षात येई.

स्मरणिका चांगली झाली होती. तारेच्या कारखान्यातल्या बावीस कामगारांनी १९०९ साली मंडळ काढलं, तेव्हा मैदान नव्हतं. कारखान्याच्या आवारात ते पिंपांवरून उड्या मारत. धावण्याची पहिली पट्टी त्यांनी भट्टीतली राख पसरून केली. १९३३ साली ज्या ज्यू धावपटूचं नाव यादीतून खोडलं गेलं होतं, त्याचं नाव आणि त्याच्या वेळा अल्मुटने पुन्हा जागच्या जागी घातल्या; त्याआधीच्या तीन स्मरणिकांत ते कुणी केलं नव्हतं. युद्धानंतर तर नऊ हजार वस्तीच्या या गावाने मोठमोठ्या शहरांना घाम फोडला. देशातले सांघिक करंडक अकरा वेळा ओलेनबाखला आले.

अडचण होती ती सत्त्याऐंशीव्या पानाची.

"'तरुण पंचाच्या दुर्लक्षामुळे करंडक हुकला' हे मी जाऊ देणार नाही," अल्मुट म्हणाली.

मंडळाच्या अध्यक्ष इर्मगार्ट टिग्गेसबाई समोर बसून आलुबुखाऱ्याच्या केकवरची क्रीम चमच्याने बाजूला सारत होत्या. डॉक्टरांनी क्रीम बंद केली होती, केक नाही. "मग काय छापायचं? गोळा आकाशातच राहिला?"

"जेवढं झालं तेवढंच छापू."

"अगं, अंदाजाने एक खुंटी ठोकली असती तरी भागलं असतं. एक खुंटी! माझे वडील संघाचे कप्तान होते. मरेपर्यंत एवाल्डशी बोलले नाहीत. बेकरीत तो दिसला तर पाव न घेता परत यायचे."

"म्हणून आम्हाला ताजा पाव मिळायचा."

टिग्गेसबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते केकबरोबर गिळलं. "ते वाक्य तसंच राहणार. तुझ्याकडे दुसरं काही असेल तर सोमवारी दहाच्या आत दाखव. वडिलांवरची माया सोडून."

झालं होतं ते असं. सप्टेंबर १९६८, रविवार. घरचं मैदान, अंतिम सामना, आणि राहिलेली एकच गोष्ट म्हणजे फोल्कमार श्लीपरची हातोडाफेकीतली सहावी फेक. करंडकासाठी एकसष्ट मीटर वीस सेंटिमीटर हवे होते. चार वाजून वीस मिनिटांनी फोल्कमारने चार गिरक्या घेतल्या आणि मूठ सोडली. लोखंडी गोळा, मागे तार, तारेला मूठ. सगळं वर गेलेलं चारशे माणसांनी पाहिलं. खाली आलेलं कुणीच पाहिलं नाही. लोक माना वर करून उभे राहिले, मग एकमेकांकडे बघू लागले. गोळा पडेल तिथे खूण करायची खुंटी घेऊन सत्तावीस वर्षांचा एवाल्ड मैदानात उभा होता. मुख्य पंच धावत आले, म्हणाले, चिखलात रुतला असेल, अंदाजाने खूण कर. एवाल्ड म्हणाला, "जो पडलेलाच नाही त्याची खूण कुठे करू?" दोन दिवस मैदान खणलं. अग्निशमन दलाने लोखंड शोधायचं यंत्र आणलं. काही मिळालं नाही. करंडक दुसऱ्या संघाला गेला. निकालपत्रावर मात्र एवाल्डने सही केली नाही. सहावी फेक अजून पुरी व्हायची आहे, एवढंच तो म्हणाला, आणि पुढची चाळीस वर्षं तेच म्हणत राहिला.

दर वर्षी सप्टेंबरातल्या त्या रविवारी तो जुन्या मैदानावर जाऊन उभा राही. फोल्कमार वर्तुळाशी येई. लहानपणी अल्मुट त्यांच्यासाठी थर्मासमधून कॉफी घेऊन जायची. शाळेत मुलं तिला विचारत, पडला का गं गोळा? चौदाव्या वर्षी तिने जाणं बंद केलं. वडिलांनी कारण विचारलं नाही.

त्या संध्याकाळी सातव्या खोक्याच्या तळाशी तिला हिरव्या पुठ्ठ्याची वही सापडली. एका पानावर दहा वर्षं, एका वर्षाला एक ओळ.

१९६९. ४.२०. काही नाही.

१९७३. ४.२०. गवतावर सावली, मुठीएवढी. कडा धूसर. वर पाहिले, आकाश मोकळे. साडेसात मीटर.

१९८५. सावली. २५.४०. फोल्कमारलाही दिसली. घरी बोललो नाही.

२००८. ५९.८०. सावली काळीभोर. तारेचा आवाज. पुढच्या वर्षी.

अल्मुटने वही मिटली. उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला आणि परत आली. मग तिने आलेखाचा कागद काढला. वर्षं आडवी, अंतरं उभी. ती एकेक ठिपका देत गेली. विसाव्या ठिपक्याला तिने पट्टी आणून लावली. सगळे ठिपके एका सरळ रेषेत बसत होते. वर्षाला दीड मीटरला किंचित कमी. गावाने खुळा ठरवलेल्या माणसाची इतकी अचूक मोजमापं तिने कुठल्या कारखान्यातही पाहिली नव्हती. तिने रेषा पुढे वाढवली. २००९: एकसष्ट मीटर तीस सेंटिमीटर, पंधरा-वीस सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे.

हवे होते एकसष्ट वीस.

तिचे कान गरम झाले होते. तिने फोन उचलला.

"काका, उद्या येताय ना?"

"येताय ना म्हणजे?" फोल्कमार श्लीपर म्हणाले. "गोळा पडेपर्यंत फेकणाऱ्याने वर्तुळ सोडायचं नसतं. तुझ्या बापाने मला फक्त जेवायला सोडलंय. एक्केचाळीस वर्षं जेवतोय."

"वही सापडली मला."

"मग टेप तू आण," ते म्हणाले. "शंभर मीटरवाला. त्याचाच आण."

मग तिने टिग्गेसबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, साडेचारला येईन, पाच मिनिटांसाठी, आणि तेही तुझी आई माझी मैत्रीण होती म्हणून.

रविवारी स्वच्छ ऊन होतं. मंडळ नव्या स्टेडियमवर गेल्यापासून जुन्या मैदानावर कुणी फिरकत नव्हतं. राखेची पट्टी गवताखाली गेली होती. नदीकडच्या बाजूला कारखान्याची बंद पडलेली धुरांडी, आणि मधे काँक्रीटचं वर्तुळ, भोवती जाळीचे गंजलेले खांब. वर्तुळासमोरचं दहाबारा मीटरांचं गवत फोल्कमारकाकांनी कापून घेतलं होतं. त्यापलीकडे ते कमरेपर्यंत वाढलेलं होतं.

काका दोन काठ्या घेऊन आले होते. मंडळाचा जुना निळा सदरा त्यांनी पोटावरून कसाबसा ओढून घातला होता.

"हसू नकोस," ते म्हणाले.

"नाही हसत."

"तुझा बाप हसायचा. म्हणायचा, दर वर्षी सदरा आटतोय."

निकालपत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. कागद पिवळा पडला होता, सहाव्या फेकीचा चौकोन कोरा होता.

अल्मुट खुंटी घेऊन गवतात जाऊन उभी राहणार होती, वडिलांच्या जागी. पण चार वाजून पंधरा मिनिटांनी वर्तुळात पाय ठेवताच काकांचा गुडघा वाकला. तिने त्यांना दंडाला धरून सावरलं.

"बसा ना इथे."

"बसलो तर फाऊल." त्यांच्या कपाळावर घाम होता, डोळे मात्र पोरासारखे चमकत होते. "मला उभं धर फक्त. पडला की मग तू पळ. तुझे पाय चांगले आहेत."

म्हणून ती तिथेच राहिली. एका हाताने काकांना धरलेलं, दुसऱ्या हातात टेपचं लोखंडी टोक, टेपची चकरी पायाशी. समोरच्या मैदानात कुणीही नव्हतं. चार एकोणीस.

पक्ष्यांचा आवाज थांबला.

आधी गुणगुण आली. ताणलेल्या तारेची, बारीक, वरून. मग गवताच्या शेंड्यांवरून एक काळा ठिपका सरकत गेला, इतका ठळक की जणू गवताला भोक पडलंय. तिने वर पाहिलं. आकाशात काही नव्हतं.

"दिसली?" काकांनी विचारलं.

"दिसली."

धप्प.

पायाखालचं काँक्रीट हललं. दूर गवतात मातीचा लहानसा फवारा उडाला आणि खाली बसला.

फोल्कमारकाका रडत होते की हसत होते, तिला कळेना. "पळ," ते म्हणाले. "पळ गं, जागा चुकायच्या आत."

ती वाकली, चकरी नीट ठेवली आणि निघणार, तोच हातातलं टोक ओढलं गेलं. हिसका नव्हता. एखाद्याने आपल्या हातातलं ओझं समजुतीने काढून घ्यावं, तसं ते तिच्या बोटांतून निघालं आणि समोर गेलं. चकरी फिरू लागली. कापलेल्या पट्टीवरून टेप सरसरत गेला, उंच गवतात शिरला, आणि गवत त्याच्यापुढे दुभंगत गेलं, सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने.

तिला ओरडता आलं नाही. ओरडावंसंही वाटलं नाही.

चकरी थांबली. टेप जमिनीवरून उचलला गेला आणि ताठ झाला. दोन हलके झटके आले.

"वाच," काका म्हणाले. "त्याला ताटकळत ठेवलेलं आवडत नाही."

तिने टेप वर्तुळाच्या मध्यावरून ओढला, कडेशी अंगठा ठेवला, आणि सवयीने आकडा दोनदा तपासला.

"एकसष्ट मीटर," तिचा आवाज चिरकला. तिने पुन्हा, मैदानात ऐकू जाईल असं म्हटलं, "एकसष्ट चौतीस."

"तिकडे कोण धरून उभं आहे?"

टिग्गेसबाई मागे येऊन थांबल्या होत्या. गाडीची किल्ली हातात तशीच होती. त्या ताणलेल्या टेपच्या रेषेत बघत होत्या, मग पुन्हा बघत होत्या. "अल्मुट, तिकडे कुणी दिसत नाही मला."

"आकडा बघा, बाई."

त्यांनी वाकून आकडा पाहिला. चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला. मग त्यांनी काकांच्या हातातलं निकालपत्र घेतलं, ते आपल्या पर्सवर टेकवलं आणि कोऱ्या चौकोनात लिहिलं, ६१.३४. लिहिताना त्यांच्या ओठांवरचा रंग उडालेला दिसत होता.

"ते सत्त्याऐंशीवं पान," त्या म्हणाल्या, "उद्या मी स्वतः बदलते."

"इर्मगार्ट," काका हलकेच म्हणाले, "पाव आता घेऊन जात जा."

कुणी हसलं नाही. फोल्कमार श्लीपर एका काठीवर रेलले, वळले, आणि नियमाप्रमाणे मागच्या बाजूने वर्तुळाच्या बाहेर पडले.

तेव्हा टेप सैल झाला.

उंच गवतातून टेप ओढत आणायचा नसतो, तो अडकतो. धरणारा टोक घेऊन चालत येतो आणि वाचणारा तसतसा गुंडाळत जातो. अल्मुट गुडघ्यावर बसली, चकरीचं हँडल धरलं आणि फिरवायला लागली. पंचावन्न. पन्नास. टेपला झोळ पडत नव्हता. जितका ती गुंडाळत होती तितकाच तो येत होता.

गवत पुन्हा दुभंगू लागलं. या वेळी दोन रेषा होत्या. एक पावलांची. तिच्या शेजारी दुसरी, रुंद, दबलेली, काहीतरी जड तारेने ओढत आणल्यासारखी.

"अल्मुट," टिग्गेसबाई मागे सरकत म्हणाल्या. "सोड ते. चल, गाडीत बस."

तीस. पंचवीस.

"बाबा?" ती म्हणाली.

वीस. तिचा गुंडाळण्याचा वेग वाढत होता.

बारा मीटरवर उंच गवत संपलं. पुढे कापलेली पट्टी होती, उन्हात लख्ख, एक काडीही लपणार नाही अशी. त्या पट्टीवर कुणी नव्हतं.

टेपचं टोक मात्र जमिनीवर पडलं नाही. ते कमरेच्या उंचीवर होतं, आणि तसंच पुढे येत होतं.

अल्मुट गुंडाळत राहिली.