हेल्मेटचं बटण

जिन्यावर आधी हसण्याचे आवाज आले, मग पावलांचे, आणि मग दारात उभा राहिला तो... डोक्याच्या जागी हेल्मेट असलेला एक उंच माणूस.

आमच्या सुवा शहरात पाऊस पडतोय असं कोणी म्हणत नाही. थांबला तर म्हणतात. बाजाराच्या पत्र्यांवर त्याची किरकिर चालूच होती. बस स्टँडसमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आमचं शिवणाचं दुकान. लितिया आत्या मशीनवर आणि मी काजं-बटणांवर.

"कात्री आहे?" हेल्मेटच्या जाळीतून आवाज आला. "मोठी?"

"गळा कापून घ्यायचाय?" मी विचारलं.

"गळ्याखालचा पट्टा. बटण गंजलंय. सकाळपासून अडकलोय आत. बसवाल्यानं दोनदा खाली उतरवलं."

"एवढ्या बाजारात कोणी काढून दिलं नाही?"

"हात कोण लावणार?" तो म्हणाला.

तेही खरंच. आमच्यात दुसऱ्याच्या डोक्याला हात लावत नाहीत. बसमध्ये वरच्या फळीवरची पिशवी काढायची असली तरी खाली बसलेल्याला 'तुलो, तुलो' म्हणून माफी मागतो आम्ही. डोकं म्हणजे ज्याचं त्याचं देऊळ. न्हावीसुद्धा आधी तुलो म्हणतो, मग वस्तरा उचलतो.

मी तुलो पुटपुटले, श्वास धरला आणि त्याच्या हनुवटीला बोटही न लावता पट्टा कापला. त्यानं हेल्मेट उपसून काढलं. आतून जो चेहरा बाहेर आला तो घामानं चिंब, कपाळावर लाल वळ, केस फणसासारखे उभे... आणि हसू असं, की मी उगाचच कात्री पुसायला घेतली.

"नेमानी," तो म्हणाला. "वुनिमोलीचा."

आत्याचं मशीन थांबलं. "वुनिमोली? नदीवरचं? मेल्या, मग तू आमचा तौवू!"

इथे थोडं सांगायला हवं. फार पूर्वी आम्ही दोघी जिथून सुवात आलो त्या बेटाचा देव आणि वुनिमोलीचा देव हे म्हणे एकाच घरातले. त्यामुळे त्यांची माणसं आणि आमची माणसं एकमेकांचे तौवू. मामे-आते भावंडांत चालते तशी थट्टा, पण अख्ख्या गावाला परवाना. तौवूला काहीही बोला, त्याची वस्तू डोळ्यांदेखत उचला, त्यानं रागवायचं नाही. रागावला तर गावाची अब्रू गेली.

नेमानीनं तोंडही पुसलं नाही. माझा डबा उघडला आणि उकडलेला कसाव्याचा कंद खायला लागला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

मी त्याची छत्री उचलून खुंटीला लावली. "ही माझी."

"ठेव. पण मग लग्नच कर माझ्याशी. छत्रीखाली मलाही घेशील."

"वुनिमोलीच्या माणसाला आमच्या बेटावर डुकरांच्या वाड्यात बांधतात."

"चालेल की. डुकरं निदान मीठ बरोबर घालत असतील."

आत्या हसून हसून टेबलावर आडवी झाली. मीही हसले. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणेच होतं.

नेमानी रग्बी खेळायचा. हौसेनं नाही, पगारावर. दोन हंगाम फ्रान्समधल्या एका क्लबातही काढून आला होता. पण आमच्या देशात माणूस वेगानं पळतो यात विशेष काय? इथे प्रत्येक नारळाच्या झाडाखाली एक पळणारा उभा असतो. सव्वीस वर्षांचा झाला, मोठ्या संघाचं दार काही उघडेना. तेवढ्यात बातमी आली, की अमेरिकन फुटबॉलवाले माणसं निवडायला सुवात येणार. मैदानावर चाचणी, आणि निवडला गेलास तर तिकडे प्रशिक्षण. कॅलिफोर्नियातल्या चुलतभावानं जुनं हेल्मेट बोटीनं पाठवलं. तेच ते. समुद्राच्या हवेनं गंजलेलं.

मी पट्ट्याला नवं बटण लावून दिलं. ते घ्यायला तो आला. मग ते घट्ट बसतंय म्हणून आला. मग सैल झालं म्हणून... मग कारण सांगायचंच सोडून दिलं त्यानं.

"हे बघ," एक दिवस त्यानं कागद पसरला. नुसते बाण आणि गोळे. "प्रत्येकानं कुठे पळायचं ते आधीच ठरलेलं."

मी कापडं बेतायच्या टेबलावर बटणं मांडली. पांढरी त्याच्या बाजूची, काळी समोरची. नारळाच्या करवंटीचं एक होतं, तो नेमानी.

"करवंटी इथून सरळ जाणार, मग डावीकडे वळणार," मी कागद बघून म्हटलं.

"पण उजवीकडे जागा मोकळी आहे!"

"असू दे. डावीकडे ठरलंय."

"खेळायच्या आधीच ठरलंय? मग खेळायचं कशाला? घरी बसूनच सांगा ना कोण जिंकलं!" तो डोकं धरून बसला. "आणि चेंडू पुढे फेकतात, मिली. पुढे! रग्बीत पुढे फेकला की शिट्टी वाजते. मला तर अजून चोरी केल्यासारखं वाटतं."

सगळ्यात अवघड होतं ते पडणं. रग्बीत कोणी पाडलं की चेंडू सोडून द्यावा लागतो, नियमच तो. लहानपणापासून पडला की हात आपोआप उघडत. आता नियम उलटा: पडलास तरी सोडायचा नाही. आत्यानं चिंध्या गुंडाळून चेंडू शिवला. नेमानी तो छातीशी धरून दुकानात धावायचा, आत्या कापडाच्या ताग्याआडून येऊन त्याला कुल्ल्यानं ढकलायची, तो गणवेशांच्या ढिगावर कोसळायचा... आणि चेंडू सुटायचा.

"सोडलास!" मी ओरडायचे.

"सवय गं."

"वुनिमोलीच्यांना काही धरून ठेवता येतच नाही. नदीकाठी राहता ना, सगळं वाहून जातं."

"तुला धरून ठेवलं तर?"

"मी काय चिंध्यांची आहे?"

हे असं रोज. रोज जाताना तो दारात वळायचा आणि विचारायचा, "मग? करतेस लग्न?" मी काहीतरी नवी शिवी शोधून ठेवलेली असायची. खालच्या पानवाल्याला, जिन्यातल्या भाजीवालीला, सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कोणी भुवई उंचावली नाही. तौवू आहेत, चालायचंच.

आणि माझा गोंधळ तिथेच होता. दुसऱ्या कोणी मुलानं असं रोज विचारलं असतं, तर मला कळलं असतं. तौवूचं कसं कळावं? चेष्टा करणं हे त्याचं कर्तव्य, हसणं हे माझं. मग एक दिवस तो न विचारताच गेला, तेव्हा मी एकाच सदऱ्याला कॉलर उलटी का लावली? आणि उसवून पुन्हा उलटीच का?

"सरळ विचार ना त्याला," आत्या म्हणाली.

"काय विचारू? थट्टा करतोस का, असं विचारलं तर तो थट्टेतच उत्तर देईल!"

"मग तू खरं बोल."

"माझं तरी त्याला खरं वाटेल का?"

आत्यानं टाचणी तोंडात धरली. मग मशीन सुरू केलं.

चाचणीच्या आधी आठवडाभर एक अमेरिकन प्रशिक्षक पोरांना शिकवायला आला. जाडजूड, प्रेमळ माणूस. चांगला झेल घेतला की जवळ येऊन हेल्मेटवर टपली मारायचा. शाबासकी म्हणून! पहिल्या दिवशी टपली बसली आणि नेमानी जागच्या जागी गोठला.

"मला कळेचना," संध्याकाळी तो मला सांगत होता. बस स्टँडच्या पत्र्याखाली, माझ्या म्हणजे त्याच्या छत्रीत आम्ही दोघं. "चिडायचं की आभार मानायचे? माझ्या बापानंसुद्धा कधी डोक्याला हात लावला नाही."

"हेल्मेट होतं ना मध्ये."

"हो. हेल्मेटलाच लागली असं मी स्वतःला सांगितलं." तो चपलेनं पाणी उडवत राहिला. मग खालीच बघत म्हणाला, "मिली... निवडला गेलो तर बरेच महिने जावं लागेल. तू... म्हणजे, थांबशील?"

पाऊस एकदम मोठा झाला. नेमानीचा आवाज रोजचा नव्हता. मला ते ऐकू आलं होतं, शपथेवर सांगते. पण तोंडाला सवय लागलेली असते ना, त्याच्या हातांसारखीच...

"मी बससाठी थांबत नाही," मी म्हणाले, "वुनिमोलीच्या माणसासाठी थांबू?"

तो हसला. पण नेहमीपेक्षा जरा उशिरा. मग त्याची बस आली आणि तो भिजतच चढला. छत्री माझ्याकडे होती.

त्यानंतर तो दुकानात फिरकला नाही. करवंटीचं बटण टेबलावर तसंच, उजवीकडे की डावीकडे न ठरवता पडून होतं. मी ते उचलून खिशात टाकलं.

चाचणीच्या दिवशी आत्यानं दुकानाला कुलूप लावलं. "मला मैदानावर शेंगा खायच्यात," ती म्हणाली. "तुला यायचं तर ये."

मैदान भरलं होतं. नव्याकोऱ्या हेल्मेटांची रांग लखलखत होती. चाचणीसाठी अमेरिकेहून खास आणलेली. कोण कुठला ओळखू येत नव्हतं. पण एक जण सारखी मान खाजवायला जायचा आणि हात हेल्मेटवर आपटायचा. तो माझा. म्हणजे... तो नेमानी.

आधी नुसतं पळणं आणि झेलणं झालं. मग छोटा सामना. पहिल्यांदा चेंडू मिळाला तेव्हा तो मुकाट्यानं डावीकडे वळला, कागदावर होतं तसा. दोन आडदांड पोरांनी त्याला उचलून आपटलं. माझा हात खिशातल्या बटणावर आवळला. ढीग बाजूला झाला. खाली नेमानी चेंडूला पोटाशी घेऊन मुटकुळं करून पडला होता. शिट्टी वाजली तरी सोडेना. पंचानं शेवटी खांद्यावर थोपटून मागून घेतला.

"आमचा तो ताग्यांचा सराव!" आत्या शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली.

शेवटच्या खेळीत उजवीकडे जागा उघडली. मला इथून दिसली, त्याला तर दिसलीच असणार. क्षणभर तो घोटाळला आणि मग ठरलेलं सगळं विसरून उजवीकडे सुटला. मैदानाच्या टोकाची रेषा त्यानं कधीच ओलांडली होती. या खेळात तेवढं पुरतं. पण हा पठ्ठ्या रग्बीतल्यासारखा सूर मारून चेंडू चिखलात टेकवून आला! सगळं मैदान हसलं. प्रशिक्षक धावत आला, हसत हसत त्यानं हेल्मेटवर टपली मारली, आणि डावीकडे बोट दाखवून जाळीजवळ काहीतरी सांगितलं. नेमानी गोठला नाही. नुसती मान हलवली.

निवडला गेला. नावं पुकारली तेव्हा त्याचं तिसरं होतं.

वुनिमोलीची माणसं त्याच्याकडे धावली. तो मात्र त्यांच्यातून वाट काढत आमच्या कुंपणाकडे आला. हेल्मेट अजून डोक्यावरच.

"कात्री आहे?" त्यानं विचारलं.

"नाही."

"बटण अडकलंय."

"मग... त्यांना सांग ना. ते काढतील."

तो कुंपण ओलांडून आला. ओल्या गवतात माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि मान खाली घातली. आजूबाजूची माणसं एकेक करून आमच्याकडे वळली. आत्याच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"हात लागेल," मी हळूच म्हटलं. "डोक्याला."

"हं."

"नेमानी, सगळे बघतायत."

"तौवूचं काहीही चालतं ना," तो जाळीआडून म्हणाला. "डबा चालतो, छत्री चालते, लग्नाचं विचारलेलंही चालतं. हे एकच चालत नाही. म्हणून हे मागतोय."

मी गुडघ्यांवर बसले. "तुलो," मी म्हटलं. हनुवटीखाली हात घातला. बोट लागताच बटण टचकन सुटलं.

अडकलेलं नव्हतंच ते! नव्याकोऱ्या बटणाला गंजायला वेळ तरी कुठे मिळाला होता?

हेल्मेट मी गवतावर ठेवलं. त्यानं मान वर केली नाही. केस तसेच, फणसासारखे. मी दोन्ही हात ठेवले त्यांवर... उबदार होते, घामट, आणि माझ्या तळहाताखाली त्याच्या कपाळाची शीर उडत होती. मागे कोणा म्हाताऱ्यानं हळूच टाळी वाजवली, आमच्यात मान द्यायला वाजवतात तशी, पोकळ हातांची.

"विचारलं होतं मी," तो गवताला म्हणाला. "त्या दिवशी बसपाशी."

"माहीत आहे."

"मग?"

आता काय बोलायचं? इतके दिवस जमवलेली सगळी चोख उत्तरं पळाली होती. डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून, हाय रे देवा, तेच जुनं बाहेर पडलं.

"वुनिमोलीच्या माणसाला आमच्या बेटावर डुकरांच्या वाड्यात बांधतात."

त्यानं आता वर पाहिलं. थट्टा आहे की खरं, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिला. बिचारा! म्हणजे तोही इतके दिवस...

"दोरी लांब घ्यावी लागेल," मी म्हटलं. "अमेरिकेपर्यंत पोचेल एवढी."

या खेपेला तो अजिबात उशिरा हसला नाही.

आत्या शेंगांची टरफलं झटकत उठली. "ए नेमानी, तुझ्या काकांना सांग, देवमाशाचा दात घेऊन रीतसर मागणी घालायला या. आणि मैदानात केलंस तसं रेषेपाशी लोळू नका म्हणावं, सरळ दारातून आत या."

मी खिशातलं करवंटीचं बटण काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे कुठे लावायचं?" त्यानं गोंधळून विचारलं.

"लावायचं नाही," मी म्हटलं. "धरून ठेवायचं. पडलास तरी."