दुसऱ्या पियानोच्या पट्ट्या

ही घटना आमच्याच घरात घडली. मी ती कुणाकडून ऐकलेली नाही. बहिणीची परवानगी घेऊन लिहितो आहे, आणि नावेही तिच्याच सांगण्यावरून खरी ठेवली आहेत.

ठिकाण आर्णी आणि यवतमाळ. गेल्या डिसेंबरातला एक शनिवार.

सकाळ नेहमीसारखीच होती. दूधवाला येऊन गेला होता. आईने तुरीच्या ओल्या शेंगा सोलून परात बाजूला सारली होती आणि हातात फडके घेऊन ती बैठकीत गेली होती. मी संध्याकाळसाठी शर्टाला इस्त्री करत होतो. माझी धाकटी बहीण निशिगंधा न्हाणीघरात होती. त्या संध्याकाळी यवतमाळच्या सभागृहात, बाहेरगावाहून आलेल्या मोठ्या वाद्यवृंदासोबत ती पियानो वाजवणार होती.

"रजत, इकडं ये बरं," आईने हाक मारली.

बैठकीत दोन पियानो शेजारी शेजारी आहेत. एक बाबांनी नागपूरहून आणलेला जुना लाकडी. दुसरा लहान, विजेवर चालणारा. आईने धूळ झटकायला दुसऱ्यावरची चादर काढली होती.

"हात लावून पाहा."

मी पट्ट्यांवर बोटे ठेवली.

त्या... गरम होत्या.

खिडकी पश्चिमेला आहे, सकाळचे ऊन तिथे पोहोचत नाही. वायर कधीचीच काढून कपाटात ठेवली होती. ताप असलेल्या माणसाचा हात हातात घेतल्यावर लागते, तशी ती ऊब होती.

आईने चादर पुन्हा घातली. "तिले सांगू नको," एवढेच म्हणाली.

त्या पियानोवर उज्ज्वला वाजवत असे.

आणि उज्ज्वला दिवाळीनंतर वारली होती.

कॉन्चेर्टो म्हणजे एकटा पियानो आणि समोर सबंध वाद्यवृंद, अशी रचना. सरावासाठी वाद्यवृंद घरी आणता येत नाही. म्हणून दुसऱ्या पियानोवर कुणीतरी बसून सगळ्या वाद्यांचा भाग वाजवायचा असतो. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी त्या माणसाची गरज उरत नाही. त्याचे नावही कुठे छापले जात नाही.

उज्ज्वला फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची. ढाणकीच्या एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायची. निशिगंधाने तिला पाश्चात्य स्वरलेखन शिकवले, आणि ती बसने आर्णीला येऊ लागली. तिच्या वडिलांना, नेमसिंगभाऊंना, सगळ्याची गंमत वाटे. एवढे मोठे ऑर्केस्ट्रावाले अन् त्यात गाणारे कोणीच नाही, मग लोक पैसे कायले देतील, असे त्यांनी मला विचारले होते.

तिच्या बोटात चांदीची जाड अंगठी असे. कॉन्चेर्टोत एके ठिकाणी सगळी वाद्ये थांबतात आणि पियानो बराच वेळ एकटाच वाजतो. तेव्हा उज्ज्वला मनात मात्रा मोजत बसे, आणि तिची वेळ आली की अंगठी लाकडावर एकदाच वाजवे.

टक्.

मग दोघी एकत्र सुरू होत.

दिवाळीच्या आसपास ती एका सकाळी आली. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होतो. मला स्पष्ट ऐकू आले.

"ताई, अंग लय कसकस करून राह्यलं."

निशिगंधाने तिच्या कपाळाला हात लावला. मला दारातून दिसले. क्षणभर तो हात तिथेच थांबला.

"आजउद्याचा दिवस काढ वं," ती म्हणाली. "मंग आराम कर."

उज्ज्वलाने काढला. दुसऱ्या दिवशीही आली. नंतर आली नाही. डेंग्यू होता. यवतमाळच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

आम्ही भेटायला तांड्यावर गेलो, तेव्हा तिची आई जमनीबाई भिंतीला टेकून बसली होती. पोरीची अंगठी सुजलेल्या बोटातून निघाली नाही, तशीच चितेवर गेली, असे तिने सांगितले. मग म्हणाली, "मायी पोरगी मुकाट तापात फिरली. मले नाही सांगतलं, तुले नाही सांगतलं. मी माय असून मले कसं नाही दिसलं?"

निशिगंधा मान खाली घालून बसली.

काही बोलली नाही.

मीही बोललो नाही.

त्या शनिवारी सभागृह भरले होते. पहिल्या भागात कॉन्चेर्टो, मध्यंतर, मग नुसत्या वाद्यवृंदाची सिंफनी, असा क्रम होता. मी तिसऱ्या रांगेत होतो. बहीण सुरेख वाजवत होती. मग ती जागा आली. सगळी वाद्ये थांबली. पियानो एकटा उरला.

त्या एकट्या वादनाच्या शेवटी दोन स्वर एकाआड एक झरझर वाजत राहतात आणि वाद्यवृंद पुन्हा सुरू होतो. निशिगंधाची बोटे त्या दोन स्वरांवर आली.

आणि तिथेच राहिली.

ती थांबली होती. सवयीने. कशाची तरी वाट पाहत.

वाद्यवृंदाच्या संचालकांचा इशारा देणारा हात वर तसाच राहिला. लोक चुळबुळले.

आणि मग...

टक्.

लाकडावर. एकदाच.

संचालकांनी दचकून डावीकडे पाहिले. हात खाली आला. वाद्यवृंद सुरू झाला.

नंतर त्यांनी वादकांना विचारले, टोला कुणी दिला म्हणून. कुणीच दिला नव्हता.

मध्यंतरात पियानो ढकलत विंगेत नेला, कारण त्या सिंफनीत पियानो नव्हता. दुसरा भाग सुरू झाला तेव्हा मी विंगेत गेलो. निशिगंधा अंधारात त्या पियानोशेजारी स्टुलावर बसली होती. रंगमंचावर व्हायोलिने अगदी हलके वाजत होती.

"दादा, हात लाव," ती म्हणाली.

सकाळचे मी तिला सांगितलेले नव्हते.

मी झाकण उचलले.

पट्ट्या... गरम होत्या.

"मघाशी तू वाजवलंस ना," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"मी वाजवत होते तवा बर्फावानी होत्या."

ती सिंफनी संपेपर्यंत तशीच बसली. टाळ्या सुरू झाल्या. तिला हार घालायला पुन्हा रंगमंचावर बोलावत होते. ती उठली नाही.

"उद्या सकाळी फुलसावंगीले नेशील?" तिने विचारले.

रविवारी आम्ही मोटारसायकलवर निघालो. जमनीबाई ओट्यावर कापसातला कचरा वेचत होती. निशिगंधा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सांगितले. उज्ज्वलाने ताप लपवला नव्हता. तिने सांगितले होते, आणि आपण तिला वाजवायला बसवले. तिने एकही सबब जोडली नाही.

जमनीबाईचे हात कापसात चालत राहिले. मग थांबले.

"हात लावून पाह्यलता का तिले?"

"हो, मावशी."

"लय गरम होती?"

"हो."

मग जमनीबाई उठून आत गेली आणि तिने दार लोटून घेतले. कडी लावल्याचा आवाज आला नाही. निशिगंधा ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या ओट्यासमोर बसून होती. दार उघडले नाही.

घरी आल्यावर तिने दुसऱ्या पियानोवरची चादर काढली, घडी केली आणि आत ठेवून दिली.

तो आता उघडाच असतो. रोज सकाळी सरावाआधी निशिगंधा त्या पट्ट्यांवर तळहात ठेवते. थोडा वेळ तसाच राहू देते. मग आपल्या पियानोकडे वळते.

तिला काय जाणवते, ते ती सांगत नाही.

मी विचारलेले नाही. आणि त्या पट्ट्यांना मी पुन्हा हातही लावलेला नाही.