दित्या आळशी नाही

उद्या डोंगर चढून उतरायची शर्यत होती आणि दित्याला धावावंच लागणार होतं. "आठ वर्षांच्या पोराचे गुडघे दुखतात म्हणे!" पाटकर सर वर्गासमोर म्हणाले होते. "नुसता कामचुकारपणा!"

सातवीतली मोगी ही दित्याची बहीण. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय धरून कळवळणारं पोर कामचुकार? स्वतःला दुखणं ओळखता येत नाही आणि पोरगं मात्र खोटं! नाचता येईना, अंगण वाकडं.

साल होतं २०४८. सातपुड्यातल्या त्या पाड्यावर धन्वी नावाचा यंत्रमानव आरोग्यकेंद्र सांभाळायचा. रक्त तपासणारं मोठं यंत्र मात्र जिल्ह्याला. तिथे नमुना पाठवायला पुरावा लागे, आणि पोराचं रडणं पुराव्यात धरत नसत. असला कसला नियम! म्हणून मोगी आणि तिची मैत्रीण सेवंता यांनी उन्हाळाभर खपून एका पेनाच्या किमतीची चाचणी बनवली होती.

मोगी दित्याला आणि सेवंताला घेऊन केंद्रात गेली. खात्री करायला सरही आले.

"मोगी, चाचणी समजावून सांग," धन्वी म्हणाला.

"हिमोग्लोबिन (रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ) आपल्या सगळ्यांत असतं. नळीतलं हे क्षारांचं पाणी त्यातला प्राणवायू काढून घेतं. सिकलसेल (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार) असेल, तर त्या हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात आणि पाणी गढूळ होतं. नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं दिसली नाहीत, तर आजाराची शंका. वाकलेल्या पेशी बारीक नसांत अडकतात, म्हणून तर दुखतं."

धन्वीने तुलनेसाठी बहीण-भाऊ दोघांच्या बोटांतून एकेक थेंब घेतला. दोन्ही नळ्यांमागची अक्षरं स्वच्छ दिसली.

"झालं समाधान?" सर हसले.

मोगी रडवेली झाली. पण नळ्या शेजारी धरताच ती ओरडली, "दित्याची नळी फिकी आहे! पाहुणे आले की आई पेजेत पाणी ओतते, मग वाटीत दाणे कमीच येतात. तसं याचं रक्तच पातळ. थेंबात हिमोग्लोबिन पुरेसं नाही, तर पाणी गढुळणार कसं? दोन थेंब टाक."

"चाचणीच्या पत्रकात एकच थेंब लिहिला आहे," धन्वी म्हणाला.

"पत्रक मीच लिहिलंय! चूक माझी. सगळ्यांचं रक्त माझ्यासारखंच धरलं मी."

दोन थेंब पडले. पाच मिनिटांत नळीमागची अक्षरं दिसेनाशी झाली.

"हा पुरावा झाला. नमुना आजच जिल्ह्याला पाठवतो, आजाराचं नक्की तिथे कळेल," धन्वी म्हणाला. "तोवर दित्याने धावायचं नाही. भरपूर पाणी प्यायचं. वेळेत कळलं तर औषधं आहेत."

सरांचा चेहरा उतरला. "मला काय माहीत..."

"माहीत नव्हतं तर विचारायचं होतं, सर!" मोगीचा आवाज चढला. "आळशी म्हणून ज्यांना उभं करता, त्यांची नावं तुमच्या वहीत आहेत ना? ती वही द्या. उद्यापासून सगळ्यांची तपासणी, सुरुवात त्यांच्यापासून."

सेवंता नळ्या भरू लागली. सरांनी वही काढून दिली. त्यात अकरा नावं होती.